बारा हजार पाने आणि एक तोफ

जबलपूर म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे भेडाघाटचे संगमरवरी कडे उभे राहतात आणि कानांत धुवाँधारचा घोष घुमू लागतो. नर्मदेच्या या सौंदर्यापुढे शहराचे दुसरे रूप सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. शहराच्या कडेकडेने उंच भिंतींच्या आत चार मोठे सरकारी कारखाने आहेत. तोफगाड्यांचा कारखाना १९०४ चा, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना १९४२ चा, लष्करी वाहनांचा १९६९ चा आणि त्यानंतर थोड्याच वर्षांनी उभा राहिलेला ओतकामाचा. भोंगा झाला की सायकलींचे आणि आता मोटारसायकलींचे लोंढे या दरवाजांतून बाहेर पडतात. भोसल्यांच्या अमलापासून या शहरात मराठी घरे आहेत. त्यांतली कित्येक घरे पुढे या दरवाजांवरच पोसली गेली.

या चार कारखान्यांपैकी पहिल्याची, म्हणजे तोफगाड्यांच्या कारखान्याची, एक कथा आज सांगावयाची आहे. वरवर पाहता ती एका तोफेची कथा आहे. वस्तुतः ती ज्ञानाची कथा आहे. एखादी विद्या, विशेषतः हातांची आणि यंत्रांची विद्या, एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत, एका देशातून दुसऱ्या देशात, किंबहुना एका खोलीतून शेजारच्या खोलीत कशी जाते आणि कशामुळे अडते, हा तिचा विषय आहे. आपण समजतो की ज्ञान कागदावर उतरले, कागद हाती आले, की काम झाले. जबलपूरचा अनुभव याहून निराळा आहे.

आरंभ थोडा मागे जाऊन करावा लागेल. कंपनी सरकारच्या काळात बंगाल, मद्रास आणि मुंबई या तीन इलाख्यांची तीन स्वतंत्र सैन्ये होती. प्रत्येकाचा सेनापती वेगळा, शिरस्ता वेगळा. कलकत्त्याजवळ काशीपूर येथे १८०१ साली तोफगाड्यांची एजन्सी निघाली, आणि पुढे उत्तरेकडे फतेहगढ, दक्षिणेत मद्रास व पश्चिमेस मुंबईचे कुलाबा येथे तोफगाड्यांचे कारखाने चालले. तोफगाडा ही चीज साधी नव्हे. तोफेची नळी लोकांच्या नजरेत भरते, परंतु तोफ उडाली म्हणजे जो प्रचंड धक्का मागे बसतो तो गाडा झेलतो. तोफ खाचखळग्यांतून, नदीपात्रांतून, घाटांतून नेतो तोही गाडाच. लाकूड किती वर्षे वाळवावे, चाकाची आरी कोणत्या अंगाने बसवावी, लोखंडी धाव किती तापवून चढवावी, हे सारे सुतार-लोहारांच्या हातांत होते. तीन कारखान्यांतील हातांना तीन सवयी होत्या. एका इलाख्याने काढलेली युक्ती दुसऱ्या इलाख्यात जाण्याचे कारणच नव्हते, कारण दोघांना जोडणारा दुवा फार वरच्या पातळीवर, साहेबांच्या टेबलावर होता. कारागिरांच्या ओट्यावर तो कधी उतरलाच नाही.

१८९५ साली ही तीन इलाखा-सैन्ये मोडून एक सैन्य झाले, आणि मग तीन ठिकाणचे तोफगाड्यांचे काम एकत्र आणून एक कारखाना करावा असे ठरले. जागा म्हणून जबलपूर निवडले गेले. त्याला भूगोलाचा आधार होता. १८७० साली कलकत्त्याकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे आणि मुंबईकडून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे यांची गाठ याच शहरी पडली होती. समुद्रापासून दूर, देशाच्या मध्यावर आणि भोवती जंगल. असे हे ठिकाण होते. म्हणजे जबलपूरच्या या कारखान्याचा जन्मच मुळी सीमा मोडण्यातून झाला. पुढे त्याच्याभोवती नव्या सीमा कशा वाढल्या, तो खरा मनोरंजक भाग आहे.

याच शहरात त्याच्याही आधी, बंद विद्या उघडी करण्याचा एक विलक्षण प्रयोग होऊन गेला होता, त्याचा उल्लेख जाता जाता करतो. ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन येथलाच अधिकारी. पकडलेल्या ठगांना बोलते करून त्याने त्यांच्या सांकेतिक बोलीचा शब्दसंग्रह १८३६ साली छापला. ठगांविषयी इंग्रजांनी जे लिहिले त्यातले किती खरे आणि किती रंगवलेले, यावर आजचे इतिहासकार वाद घालतात, आणि तो वाद योग्यच आहे. परंतु स्लीमनच्या ध्यानात एक गोष्ट आली होती: टोळीचे बळ तिच्या हत्यारात कमी आणि तिच्या भाषेत अधिक असते. प्रत्येक संस्थेची अशी एक बोली असते. बाहेरचा माणूस कागद वाचतो, पण बोली त्याला येत नाही. असो.

स्वातंत्र्यानंतर या कारखान्यांच्या भोवतालची व्यवस्था कशी झाली ते पाहू. १९५८ साली संरक्षण संशोधन व विकास संघटना स्थापन झाली. शस्त्रांचा आराखडा करण्याचे काम तिच्याकडे, म्हणजे तोफांच्या बाबतीत मुख्यतः पुण्याच्या पाषाण येथील आयुध संशोधन व विकास संस्थेकडे गेले. वस्तू बनविण्याचे काम कारखान्यांकडे राहिले. बनलेली वस्तू तपासण्याचे काम तिसऱ्याच खात्याकडे, आणि ती वापरण्याचे काम सैन्याकडे. कामाची ही वाटणी तत्त्वतः शहाणपणाची होती. जो बनवतो त्यानेच तपासू नये, हे तर किराणा दुकानाच्या हिशेबालाही लागू आहे. परंतु वाटणी झाली की कुंपण येते, आणि कुंपणाला यथाकाल काटे फुटतात.

या व्यवस्थेत एक पदनाम रूढ झाले, ते फार बोलके आहे. प्रत्येक शस्त्राच्या अधिकृत ड्रॉइंगांचा संच ज्याच्या ताब्यात असेल त्याला ‘सीलबंद तपशील धारण करणारा अधिकारी’ म्हणत. हा अधिकार सामान्यतः तपासणी खात्याकडे असे, आणि शस्त्रांच्या बाबतीत ते नियंत्रक कार्यालयही जबलपुरातच होते. कारखान्यातल्या फिटरला कळले की अमुक भोक दोन सूत अलीकडे घेतले तर भाग तडकणार नाही, तरी त्याने तसे करावयाचे नाही. त्याने फोरमनला सांगावे, फोरमनने वर लिहावे, वरून पत्र सीलबंद तपशील धारण करणाऱ्याकडे जावे, आणि त्याची अनुमती आली तर ड्रॉइंग बदलावे. यात दोष कोणाचा असे मी म्हणत नाही. सैनिकाच्या हाती जाणारी वस्तू दर महिन्याला कोणाच्या तरी कल्पनेप्रमाणे बदलू लागली तर अनर्थ होईल. तथापि परिणाम असा झाला की ज्याच्या हाताला कळत होते त्याच्याकडे कागद नव्हता, आणि ज्याच्याकडे कागद होता त्याच्या हाताला धातूचा स्पर्श नव्हता. माझ्या नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत एका कार्यालयात मी शेजारच्या शाखेकडून एक नकाशा मागवला होता. मधली भिंत लाकडी फळ्यांची होती, पलीकडचे खोकणे ऐकू येई. नकाशा सतरा दिवसांनी, रीतसर पत्रासोबत आला. सरकारी नोकरीत काढलेल्या प्रत्येकाकडे अशी एखादी गोष्ट असतेच.

या वातावरणात परदेशी विद्या आली म्हणजे काय होई? १९५८-५९ च्या सुमारास जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने ‘शक्तिमान’ नावाची लष्करी मालमोटार जबलपूरला, तोफगाड्यांच्याच कारखान्यात, तयार होऊ लागली. इंग्रजी तोफांच्या इंच-मापांवर वाढलेल्या कारखान्यात जर्मन मिलिमीटरची ड्रॉइंगे आली. काम झाले आणि उत्तम झाले. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत या गाड्यांनी सैन्य वाहिले. पुढे जपानच्या निसान कंपनीच्या परवान्याने एक जीपसारखी गाडी निघाली. तिचे नाव ‘जोंगा’, आणि ते जबलपूर, आयुध आणि तोफगाडा या शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून बनले आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वाहनांचा व्याप वाढला तेव्हा त्यांच्यासाठी स्वतंत्र कारखाना झाला. परंतु शक्तिमान १९९६ पर्यंत निघत राहिली, आणि ती मूलतः तीच गाडी होती. जर्मनीत दरम्यान त्या कंपनीच्या गाड्यांच्या कितीतरी पिढ्या झाल्या. ड्रॉइंग आले होते, पण ड्रॉइंग काढण्याची बुद्धी आली नाही, असे काही टीकाकार म्हणतात. मला ते थोडे अन्यायाचे वाटते. बुद्धी होती, तिला ड्रॉइंगाला हात लावण्याची मुभा नव्हती.

आता मुख्य कथेकडे वळतो. २४ मार्च १९८६ रोजी भारत सरकारने स्वीडनच्या बोफोर्स कंपनीशी १५५ मिलिमीटर व्यासाच्या ४१० तोफांचा करार केला. किंमत सुमारे १,४३७ कोटी रुपये. या करारात केवळ तयार तोफा नव्हत्या. पुढे या तोफा भारतातच बनाव्यात म्हणून त्यांचे तंत्र देण्याचीही तरतूद होती. त्याप्रमाणे कागदपत्रांचा पहिला हप्ता आला, बारा हजारांहून अधिक पानांचा. आणि १६ एप्रिल १९८७ रोजी स्वीडनच्या नभोवाणीने या व्यवहारात दलाली दिली गेल्याची बातमी प्रसृत केली.

त्यानंतरचा राजकीय इतिहास सर्वांना पाठ आहे, तो येथे उगाळत नाही. मला रस आहे तो त्या बारा हजार पानांत. कंपनीशी व्यवहार बंद झाले. तंत्राचा उरलेला भाग आला नाही. भारतात तोफा बनविण्याचा बेत बाजूला पडला. कारखाने दुरुस्तीला लागणारे काही सुटे भाग आणि दारूगोळा बनवीत राहिले, म्हणजे विद्येचा झरा अगदीच आटला नाही, परंतु पूर्ण तोफ बनविण्याचा विचार दोन दशकांहून अधिक काळ कोणी केला नाही. १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलच्या शिखरांवर याच बोफोर्स तोफांनी शत्रूच्या ठाण्यांचा चुराडा केला, तेव्हा सारा देश त्यांचे नाव नव्या आदराने घेऊ लागला. पण त्याही वेळी सुट्या भागांचा तुटवडा होता, आणि एका तोफेचे भाग काढून दुसरीला लावण्याची पाळी आली. तोफा चालवणारे जवान द्रास-मुश्कोहच्या थंडीत होते. त्याच तोफेची ड्रॉइंगे मात्र देशाच्या मध्यावर, कपाटांत होती. पुढील दशकात परदेशी तोफांसाठी निविदा निघत आणि रद्द होत राहिल्या.

असे का झाले? वर्तमानपत्रांनी त्या पानांवर साचलेल्या धुळीची गोष्ट मोठ्या चवीने सांगितली, जणू काही आळशी कारकुनांनी ती विसरून टाकली होती. प्रशासनात बरीच वर्षे काढलेल्या माणसाला हे पटत नाही. सरकारी कपाटात विसरलेले कागद क्वचितच असतात. टाळलेले कागद पुष्कळ असतात. १९८७ नंतर त्या नावाला हात लावणे म्हणजे आपल्यामागे चौकशीचा ससेमिरा लावून घेणे होते. फायलीवर ‘या कागदांचा उपयोग करावा काय?’ अशी एक ओळ लिहिणाऱ्यास बक्षीस मिळण्याचा संभव नव्हता. शिक्षा मिळण्याचा मात्र होता. न लिहिणाऱ्यास काहीच होणार नव्हते. जेथे काही न करण्याची किंमत शून्य आणि काही करण्याची किंमत अमर्याद, तेथे शहाणा माणूस काय करील हे सांगण्यास शास्त्र नको.

दुसरे कारण कारखान्याच्या रीतीत होते. सैन्याने मागणीपत्र पाठवावे, मग कारखान्याने माल बनवावा, हा शतकाचा शिरस्ता. मागणीपत्र नाही तर काम नाही. आपणहून एखादी वस्तू बनवून ‘ही घेऊन पाहा’ असे सैन्याला म्हणण्याची प्रथाच नव्हती. आराखडा हे आपले कामच नव्हे, ते पुण्याचे काम, अशी समजूत वर्षानुवर्षे मुरली होती. पुण्याच्या संस्थेला आपले स्वतःचे आराखडे होते, दुसऱ्याचा आराखडा उलगडून बसणे तिला कमीपणाचे वाटले असल्यास नवल नाही. म्हणजे बारा हजार पाने प्रत्येकाच्या कामाच्या किंचित बाहेर पडत होती.

तिसरे कारण सर्वांत खोल आहे, आणि त्यासाठी थोडे दूर जावे लागेल. १९७० च्या सुमारास कॅनडातील एका संरक्षण प्रयोगशाळेने एक नव्या प्रकारचा लेझर बनविला. त्याविषयी लेख छापले गेले. इंग्लंडमधील कित्येक प्रयोगशाळांनी तसा लेझर बनविण्याचा प्रयत्न केला. हॅरी कॉलिन्स नावाच्या संशोधकाने १९७४ साली या प्रयत्नांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याला आढळले की केवळ छापील लेख वाचून एकाही प्रयोगशाळेला यश आले नाही. ज्यांचे लेझर चालले, त्या सर्वांचा पूर्वी यश मिळालेल्या कोणाशी तरी प्रत्यक्ष संबंध आला होता: कोणी भेट दिली होती, कोणी फोनवर बोलत असे, कोणाचा माणूस तेथे काम करून आला होता. लेखांत सर्व काही होते. जे नव्हते ते लिहिणाऱ्यालाही आपण जाणतो हे ठाऊक नव्हते. मायकेल पोलान्यी या रसायनशास्त्रज्ञ-तत्त्वज्ञाने अशा न बोलता येणाऱ्या ज्ञानाविषयी त्याआधीच लिहून ठेवले होते. आपल्या लोहाराला हे सांगावे लागत नाही. पोलादाला पाणी देताना ते कोणत्या रंगाला उतरले म्हणजे बुडवावे, हे मुलाला तो भट्टीपाशी उभे करून दाखवतो. ‘पिकल्या जांभळासारखा रंग’ असे लिहून ठेवले तर मुलगा जांभूळ पाहत बसेल.

तोफेच्या नळीचेच पाहा. १५५ मिलिमीटरची नळी बनविताना तिच्या आतल्या अंगाला मुद्दाम प्रचंड दाब देतात. आतले पोलाद किंचित कायमचे ताणले जाते, बाहेरचे पोलाद त्याला आवळून धरते, आणि त्यामुळे पुढे गोळा उडताना येणारा दाब नळी सहन करते. किती दाब द्यावा ते पानावर लिहिलेले असते. पण आपल्या भट्टीतून निघालेले पोलाद त्या पानातल्या पोलादासारखे आहे की नाही, हे पान सांगत नाही. ते भट्टीवरचा माणूस, दाब देणारा माणूस आणि नळी मोजणारा माणूस एकमेकांशी बोलले तरच कळते. आणि आपल्याकडे हे तिघे तीन शहरांत, तीन संस्थांत होते.

हे सारे लक्षात घेतले म्हणजे पुढे घडले त्याचे महत्त्व कळते. ऑक्टोबर २०११ मध्ये संरक्षण खात्याच्या खरेदी परिषदेने देशी तोफ बनविण्यास मान्यता दिली, आणि ती बारा हजार पाने टेबलावर आली. जबलपूरच्या कारखान्याकडे मुख्य काम आले. तोफ जशीच्या तशी बनवावयाची नव्हती. स्वीडिश तोफेच्या नळीची लांबी तिच्या व्यासाच्या ३९ पट, म्हणजे सुमारे सहा मीटर होती. सैन्याला हवी होती ती ४५ पट, म्हणजे जवळजवळ सात मीटर. नळी मीटरभर वाढली की तोल बदलतो, धक्का बदलतो, गाड्याचा प्रत्येक सांधा पुन्हा मोजावा लागतो. म्हणजे जुनी पाने नुसती वाचून भागणार नव्हते. त्या आराखड्यामागची युक्ती समजून घ्यावयाची होती, आणि सांगणारा स्वीडिश माणूस समोर नव्हता. जी विद्या १९८७ साली हातातून हातात मिळाली असती, ती आता वस्तूकडूनच शिकावी लागली. सैन्याकडे असलेल्या जुन्या तोफा, त्यांची दुरुस्ती करणाऱ्यांचे अनुभव आणि सुटे भाग बनवताना कारखान्यांना आलेली समज, हेच गुरू.

आणि येथे एक गोष्ट पूर्वीपेक्षा वेगळी झाली. सैन्य, तपासणी खाते, संशोधन संघटना, कानपूरचे कारखाने, पोलादासाठी स्टील अथॉरिटी, विद्युत उपकरणांसाठी भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि काही खासगी उद्योग हे आरंभापासून एका कामात आले. वस्तू पूर्ण करून मग तपासणीस पाठवावयाची, ती परत यावयाची, असा जुना टपालाचा खेळ बराचसा टळला.

बराचसा म्हटले, सर्वस्वी नव्हे. ऑगस्ट २०१३ मध्ये पोखरणच्या चाचणीत नळी फुटली. पूर्वीचा काळ असता तर नळीवाल्यांनी गोळ्याकडे, गोळावाल्यांनी नळीकडे आणि दोघांनी तपासणीकडे बोट दाखवून काही वर्षे घालवली असती. बोटे दाखवली गेली नाहीत असे मी म्हणणार नाही, मनुष्यस्वभाव एका आदेशाने बदलत नाही. परंतु चौकशी झाली आणि काम पुढे गेले. सिक्कीमच्या थंडीत आणि राजस्थानच्या उन्हात तोफ उडवून पाहिली गेली. ‘धनुष’ हे नाव तिला मिळाले. २०१७ च्या प्रजासत्ताकदिनी ती राजपथावरून गेली, आणि त्याच वर्षी पुन्हा दोन अडचणी आल्या. चाचणीत गोळा नळीच्या टोकाला घासला. आणि तोफेत बसवलेले काही बेअरिंग जर्मनीचे म्हणून आले ते प्रत्यक्षात चीनचे होते, या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने गुन्हा नोंदवला. या दुसऱ्या प्रकरणात न्याय काय तो न्यायालय करील. मला त्यात आपल्या विषयाचा धागा दिसतो. बेअरिंगवर देशाचे नाव लिहिलेले होते, आणि लिहिलेल्यावर विश्वास ठेवण्याची सवय शतकाची होती.

१८ फेब्रुवारी २०१९ रोजी तोफ मोठ्या संख्येने बनविण्यास अनुमती मिळाली. ८ एप्रिल २०१९ रोजी जबलपुरात पहिल्या सहा तोफा सैन्याच्या स्वाधीन झाल्या. मागणी एकूण ११४ तोफांची. पल्ला सुमारे ३८ किलोमीटर. पुढचा पुरवठा ठरलेल्या गतीने झाला नाही, हेही सांगितले पाहिजे. एक तोफ बनविण्याची विद्या आणि शंभर तोफा एकसारख्या बनविण्याची विद्या या दोन वेगळ्या आहेत.

विद्या वाटल्याने वाढते असे आपण सुभाषितांत म्हणतो आणि व्यवहारात विसरतो, पण जगाच्या इतिहासात तिची वाटणी पद्धतशीरपणे केल्याची उदाहरणे आहेत. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात तांब्याच्या व कथलाच्या खाणी होत्या आणि त्यांतले पाणी उपसण्यासाठी वाफेची यंत्रे होती. वॉटच्या एकस्वाची मुदत १८०० साली संपेपर्यंत तेथे सुधारणा खुंटल्यासारखी होती. १८११ पासून जोएल लीन याने एक मासिक पत्रक काढले. कोणत्या खाणीच्या यंत्राने किती कोळशात किती पाणी उपसले, हे प्रत्येक महिन्याला नावानिशी छापले जाई. खाणमालक एकमेकांचे स्पर्धक खरे, पण पुष्कळांचे भाग एकमेकांच्या खाणींत गुंतलेले, आणि कोळसा सर्वांनाच दुरून आणावा लागे. पुढील काही दशकांत तेथील यंत्रांची कार्यक्षमता कितीतरी पटींनी वाढली. आपल्याकडे किर्लोस्करवाडीहून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, तेही एका कारखान्याचे पत्रक म्हणून. मात्र त्यात नांगर वापरणाऱ्याशी संवाद होता, नांगर बनविणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशी नव्हे. हा फरक विसरता कामा नये. गिऱ्हाइकाला सांगणे सोपे, बरोबरीच्याला सांगणे कठीण.

बरोबरीच्याला सांगण्याचा एक प्रयोग अलीकडे पुण्याला झाला. २०१३ पासून आयुध संशोधन व विकास संस्थेने ५२ पट लांबीच्या नळीची नवी तोफ योजली, आणि आराखडा कपाटात न ठेवता भारत फोर्ज व टाटा या दोन खासगी उद्योगांना आरंभापासून सहभागी केले. दोन्ही उद्योग एकमेकांचे प्रतिस्पर्धी. दोघांनी त्याच आराखड्यावरून तोफा बनविल्या. मार्च २०२५ मध्ये ३०७ तोफांचा, सुमारे ६,९०० कोटी रुपयांचा करार त्या दोघांत वाटून झाला. पाषाणची संस्था आणि मुंढव्याचा कारखाना एकाच शहरातले. अशी जवळीक ज्ञानाला पोषक असते, याची शंका नाही. तरीही, तेथील माणसे एका शहराची होती म्हणूनच हे साधले असे म्हणणे मला धाडसाचे वाटते. जबलपूरचे कारखाने तर याहूनही जवळ होते.

त्या जबलपूरची आजची स्थिती सांगून थांबतो. १ ऑक्टोबर २०२१ रोजी कलकत्त्याचे आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाले आणि देशभरचे ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. विभागणी वस्तूंच्या प्रकाराप्रमाणे झाली, शहरांप्रमाणे नव्हे. त्यामुळे जबलपूरचे चार कारखाने चार कंपन्यांत गेले. तोफगाड्यांचा कारखाना कानपूरच्या कंपनीत, खमरिया पुण्याच्या, वाहनांचा कारखाना मद्रासजवळच्या आवडीच्या आणि ओतकामाचा नागपूरच्या. वस्तूंचा विचार केला तर ही रचना तर्कशुद्ध आहे. तोफा बनविणारे सारे एका छत्राखाली आले, आणि कानपूरची नळी व जबलपूरचा गाडा आता एकाच कंपनीचे झाले, हा लाभ लहान नव्हे. परंतु जबलपुरात तोफगाडा बनविणाऱ्याला आता रस्त्यापलीकडच्या कारखान्यातून एखादे ओतीव काम हवे असेल, तर ते एका कंपनीने दुसऱ्या कंपनीकडून घेणे झाले: दरपत्रक, करार, मुदत, दंडाची कलमे. गाड्याचा फोरमन आणि ओतशाळेचा फोरमन कदाचित गोलबाजारात एकाच दुकानात भाजी घेत असतील. भाजी घेताना त्यांनी एकमेकांना साच्याविषयी काय सांगितले, हे मात्र त्या कलमांत कोठेच लिहिले जाणार नाही.